विद्यापीठ बघायला जायचं ते संध्याकाळी सहानंतर

जून उजाडला की नातेवाईकांचे फोन सुरू होतात. पोरगी बीएस्सी झाली, आता एमएस्सीला पुणे बरं की मुंबई, कोल्हापूर जवळ पडतं पण तिथं 'लाइफ' आहे का, असले सगळे प्रश्न. यंदा आमच्या ताईच्या पोरीचा, म्हणजे सोनूचा नंबर. कराडला असते, फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली, आणि हिचे लॅपटॉपवर तीन टॅब कायम उघडे, पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठाचं कलिना आणि आपलं शिवाजी विद्यापीठ. रँकिंग बघून झालं, नॅकची ग्रेड बघून झाली, यूट्यूबवरच्या कॅम्पस टूर पण बघून झाल्या, त्या सगळ्या सारख्याच हो, वरून ड्रोन फिरतो, खाली झाडी दिसते, मागं गिटार वाजते आणि चार पोरं पायऱ्यांवर बसून उगाच हसत असतात. एवढं सगळं बघून शेवटी मला विचारते, मावशी, वातावरण कुठलं चांगलं?

आता मला का विचारते तर मी एमए पुण्यात केलं, लग्नानंतर आम्ही मुंबईला होतो तेव्हा एका कोर्ससाठी कलिनाला जायचे, आणि कोल्हापूर आमचं आजोळ. त्यामुळं तिन्हीकडं माझं थोडं थोडं काहीतरी आहे, आणि मत तर भरपूर आहे.

पहिली गोष्ट जी कुणी नीट सांगतच नाही. 'पुणे विद्यापीठाला आहे' असं म्हणणाऱ्या दहातल्या नऊ पोरांनी विद्यापीठाचं मेन गेट फक्त कागदपत्रांसाठी बघितलेलं असतं. आपल्याकडं विद्यापीठ म्हणजे शेकडो संलग्न कॉलेजं, पुण्याच्या विद्यापीठात तर पुणे, नाशिक आणि नगर (आता अहिल्यानगर म्हणायचं) असे तीन जिल्हे येतात. संगमनेरच्या कॉलेजातल्या पोराच्या आणि गणेशखिंडीतल्या, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य आवारातल्या पोराच्या डिग्रीवर नाव एकाच विद्यापीठाचं असतं, पण दोघांच्या दोन वर्षांत काही म्हणजे काही सारखं नसतं. म्हणून सोनूला म्हटलं, आधी ठरव, विद्यापीठाच्या डिपार्टमेंटला जायचंय की कॉलेजात, कारण कॅम्पस कॅम्पस जे म्हणतेस ते फक्त डिपार्टमेंटवाल्यांच्या वाट्याला येतं, आणि तिथं बहुतेक सगळे पीजीचे आणि पीएचडीचे, म्हणजे वयानं मोठे, थोडे टेन्शनमधले, नोकरीचं काय होणार या काळजीतले. अकरावी-बारावीच्या सिनेमात दाखवतात ती धमाल तिथं नसते. ती हवी असेल तर कॉलेज.

आणि डिपार्टमेंट ठरलं, तर बघायला जायचं ते संध्याकाळी. सकाळी अकरा वाजता जगातलं कुठलंही विद्यापीठ बरंच दिसतं. लेक्चर चालू असतात, ऑफिस उघडं असतं, चहाच्या टपरीवर गर्दी असते. सहा वाजले, ऑफिसला कुलूप लागलं, प्राध्यापकांच्या गाड्या गेल्या, की मग जे कोण उरतं ना, ते विद्यापीठ. कोण उरतं, कुठं बसतं, काय खातं, रात्री परत कसं जातं.

पुण्याचं सांगते, कारण तिथं मी स्वतः उरलेल्यांपैकी होते. जागा म्हणाल तर राजेशाहीच, ४११ एकर, मधोमध ती दगडी मुख्य इमारत, म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळ्यातला बंगला. २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडला गाठलं तेव्हा तो राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून इथंच झालेल्या समारंभातून परत चालला होता. विद्यापीठ आलं १९४९ ला, पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर, त्यांच्याच नावानं जयकर ग्रंथालय. सावित्रीबाईंचं नाव लागलं २०१४ ला. सकाळी इथं औंध-बाणेरकडचे काका-काकू वॉकला येतात, झाडं मोठमोठी, वडाच्या पारंब्या खाली आलेल्या, आणि हे सगळं त्या ड्रोनच्या व्हिडिओत दिसतं.

जे दिसत नाही ते असं. संध्याकाळी अनिकेत कॅन्टीनला जाऊन बसा. एका टेबलावर लातूरकडची पोरं, एका टेबलावर केनिया नाहीतर येमेनची पोरं, कडेला कुणीतरी एकटाच चहा घेऊन पाठांतराच्या चिठ्ठ्या काढून बसलेला. हा एकटा बसलेला महत्त्वाचा. पुणे विद्यापीठातल्या निम्म्या वातावरणावर स्पर्धा परीक्षेची सावली आहे. पोरगं नावाला राज्यशास्त्र नाहीतर इतिहासाच्या एमएला असतं, मनानं ते कधीच एमपीएससीच्या हॉलमध्ये बसलेलं असतं. विषयावर वाद घालायला, रात्र रात्र बोलायला माणूस शोधावं लागतं. मिळतं, नाही असं नाही, पण शोधावं लागतं. सायन्सकडं हे जरा कमी, लॅबमुळं.

दुसरं म्हणजे राहायचं. हॉस्टेल सगळ्यांना मिळत नाही, मग बाहेर कॉट बेसिसवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खोली नाही भाड्यानं घ्यायची, खोलीतली एक कॉट घ्यायची, बाकीच्या कॉटवर कोण येईल ते नशीब. माझ्या खोलीत एक सीए करणारी, एक नर्सिंगवाली आणि एक कॉल सेंटरला नाइट शिफ्ट करणारी होती, आम्ही चौघी एकाच वेळी जाग्या असायचो त्या फक्त रविवारी दुपारी. जेवायला मेस, नाहीतर डबा, हॉस्टेलवाल्यांना रिफेक्टरी. मेसच्या सुट्टीच्या वेळी, म्हणजे बहुतेक ठिकाणी रविवारी रात्री, वडापावच्या गाड्यांवर जी गर्दी उसळते ती बघितली की पुण्यात बाहेरगावची पोरं किती आहेत ते कळतं. कमवा व शिका योजनेत रोज दोन-तीन तास ग्रंथालयात, बागेत नाहीतर ऑफिसात काम करून पैसे मिळतात, त्यावर महिना काढणारी पोरं माझ्या वर्गात होती, आणि माझं मत विचाराल तर विद्यापीठात खरी दोस्ती या योजनेतल्या पोरांची असते, कारण ती रोज एकत्र राबतात. बाकीच्यांचा नुसता व्हॉट्सॲप ग्रुप.

पण सोनूसाठी पुण्याची खरी मजा वेगळीच आहे. विद्यापीठाच्या आवारातच आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था आहेत. आयुका १९८८ ला नारळीकरांनी उभी केली, इमारत चार्ल्स कोरियांची, मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन असे चौघांचे पुतळे. एनसीआरए म्हणजे खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणारे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. फिजिक्सचं पोर आणि चालत जायच्या अंतरावर हे सगळं! तिथं बाहेरची मोठमोठी माणसं व्याख्यान द्यायला येतात, काही व्याख्यानं सगळ्यांसाठी खुली असतात, जाऊन मागच्या रांगेत बसायचं. पण एक सांगते, माझ्या वेळी माझ्या ओळखीच्या फिजिक्सच्या मुली दोन वर्षांत २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन सोडून तिकडं फिरकल्या नव्हत्या. शेजारी विहीर असून उपयोग नाही, कळशी घेऊन जावं लागतं.

दाजींना मात्र यातलं काही नको होतं. विद्यापीठाच्या क्रीडा संकुलाला खाशाबा जाधवांचं नाव आहे म्हटल्यावर ते एकदम पुण्याच्या बाजूनं झाले, आमच्या गोळेश्वरचा माणूस, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलेलं, म्हणजे विद्यापीठ चांगलंच असणार. काय बोलणार.

आता कलिना. मुंबई विद्यापीठ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर राजाबाई टॉवर येतो, तो फोर्टला. १८५७ चं विद्यापीठ, कलकत्ता आणि मद्रासच्या बरोबरचं, टॉवर १८७८ ला पूर्ण झाला, प्रेमचंद रायचंद शेठनी आईच्या नावानं पैसे दिले. त्या वाचनालयात रंगीत काचांतून ऊन येतं तिथं एकदा तरी बसावंच. पण एमएस्सीवाल्यांना त्याचा काय उपयोग, त्यांचा मुक्काम सांताक्रूझ पूर्वेला कलिनाच्या विद्यानगरीत. तिथं झाडं आहेत, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे, डोक्यावरून सारखी विमानं जातात, सर मिनिटभर थांबतात आणि परत बोलायला लागतात.

आणि संध्याकाळी कॅम्पस रिकामा. खोटं नाही. पाच-साडेपाचला लोंढा गेटबाहेर पडतो, कुर्ल्याच्या बसला किंवा सांताक्रूझच्या, कारण कुणाला बदलापूर गाठायचंय, कुणाला विरार, कुणाला पनवेल. हॉस्टेल आहेत पण एवढ्या मोठ्या विद्यापीठाच्या मानानं थोडी. त्यामुळं इथं मैत्री विषयावर नाही, लाइनवर होते. सेंट्रलवाल्यांचा ग्रुप, वेस्टर्नवाल्यांचा ग्रुप, हार्बरवाले बिचारे दोघं-तिघं. मी ज्या मुलींबरोबर तो कोर्स केला त्यांच्याशी सगळ्या गप्पा दादर ते ठाणे लेडीज डब्यात झालेल्या आहेत, वर्गात आम्ही एकमेकींशी फार बोलतही नव्हतो. नोट्स गाडीत, भांडणं गाडीत, एकीचं लग्न ठरलं तेव्हा पेढे पण गाडीत.

पुण्याची माणसं याला नावं ठेवतात, की मुंबईत विद्यार्थी-जीवन नाही. मला ते पटत नाही. मुंबईतलं विद्यार्थी-जीवन कॅम्पसवर नाहीये एवढंच, ते शहरभर सांडलेलं आहे. रुईया नाक्यावर आहे, कॉलेजांच्या एकांकिकांच्या तालमीत आहे, युवा महोत्सवाच्या तयारीत पोरं महिना महिना घरी जात नाहीत. शिवाय कलिनाच्या वर्गात अर्धे लोक नोकरी करणारे, कुणी बँकेत, कुणी शाळेत शिकवणारी, कुणी रात्रपाळी करून थेट आलेला, त्यांच्याबरोबर बसलं की आपण फार लवकर शहाणे होतो. सोनूच्या विषयाचं म्हणाल तर कलिनाच्याच आवारात अणुऊर्जा विभाग आणि विद्यापीठानं मिळून २००७ ला सुरू केलेलं बेसिक सायन्सेसचं केंद्र आहे (तिथला पाच वर्षांचा कोर्स बारावीनंतर नेस्ट परीक्षेनं, त्यामुळं तो तिच्यासाठी नाही), आणि कुलाब्याला टीआयएफआर ही मोठी संशोधन संस्था. पण कराडहून जाणाऱ्या, मुंबईत कुणी नसलेल्या पोरीला हॉस्टेल नाही मिळालं तर रोजचे तीन-चार तास प्रवासात, आणि त्या प्रवासाचा कॅम्पसच्या ब्रोशरमध्ये एक फोटो नसतो.

कोल्हापूर. इथं मी थोडी पक्षपाती, आधीच सांगून टाकते. १८ नोव्हेंबर १९६२ ला राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन, आता ८५३ एकर, म्हणजे पुण्याच्या दुप्पट, आणि पोरं मात्र पुण्यापेक्षा किती कमी. मुख्य इमारतीसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, त्याच्यामागं बाग, खर्डेकर ग्रंथालय, तळी, आणि पावसाळ्यात मोर ओरडतात ते हॉस्टेलमध्ये ऐकू येतं. पण महाराष्ट्रात बाकी कुठं नाही ते इथं काय आहे, तर बोर्डिंगची सवय. शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क, एकामागोमाग एक. कर्मवीर भाऊराव इथल्याच जैन बोर्डिंगात राहिलेले, पुढं रयतेचं जे काम केलं त्याचं बी इथलंच. बाहेरगावचं पोरगं शिकायला आलंय म्हणजे त्याची सोय गावानं बघायची असते, हे या शहराच्या अंगात मुरलेलं आहे. खोलीमालकीण भाकरी देते, मेसवाला महिना मागंपुढं झाला तरी ओरडत नाही (ओरडतो, पण जेवायला देतो).

संध्याकाळी इथं पोरं असतात. ग्राउंडवर असतात, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर असतात, राजारामपुरीत खायला जातात, रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं समोर काढलेलं फेसाळ दूध प्यायला जातात. फुटबॉलचा सीझन असला की पेठांच्या तालमींच्या संघांत तुम्ही कुणाकडून हे आल्या आल्या ठरवावं लागतं, तटस्थ राहता येत नाही. डिपार्टमेंटमध्ये सर लोक इंग्रजीत शिकवून झालं की तीच गोष्ट मराठीत सांगतात, आणि ज्यानं बीएस्सीपर्यंत वर्गात तोंड उघडलेलं नाही त्याला इथं शंका विचारायचं धाडस होतं. फिजिक्सचा विभाग पातळ थर आणि मटेरियल सायन्सच्या कामासाठी नावाजलेला, तिथले विद्यार्थी कोरियापर्यंत पोचलेले आहेत.

तोटा काय, तर सगळेच आपल्यातले. कोल्हापूर, सांगली, सातारा, बस्स. वर्गात तिघं कराडचे आणि दोघं विट्याचे निघणार, दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मामाची ओळख निघणार. ज्याला घरापासून सुटायचंय त्याच्यासाठी ही फार मोठी अडचण आहे, आणि विशीतल्या पोरीला घरापासून थोडं सुटायचं असतं हे ताईला कसं सांगू. शनिवार आला की निम्मं हॉस्टेल कपड्यांची पिशवी घेऊन एसटीला. सोमवारी चटण्या, लोणची आणि लाडू घेऊन परत. ते लाडू चांगले असतात हे मान्य.

छत्रपती संभाजीनगरचं पण विचारतात लोक. मला तिथं राहायचा अनुभव नाही, गेले तेवढंच. पण राजकीय भान असलेला कॅम्पस बघायचा असेल तर १४ जानेवारीला तिथल्या गेटसमोर उभं राहा, १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागलं त्या नामविस्ताराचा दिवस, लोक लांबून लांबून त्या गेटला डोकं टेकायला येतात. विद्यापीठाच्या कमानीला नमस्कार करणारे लोक मी दुसरीकडं कुठं बघितलेले नाहीत.

निवडणुकांचं एक राहिलं. दिल्लीतल्या जेएनयूच्या पोरांचे व्हिडिओ बघून सोनूला वाटत होतं की सगळीकडं डफ वाजतो. आपल्याकडं १९९४ च्या कायद्यानंतर थेट विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या, २०१६ च्या कायद्यात परत तरतूद आली, पण कागदावरची. त्यामुळं संघटना आहेत, निवेदनं आहेत, कुलगुरूंच्या दालनासमोर ठिय्या आहे, पण अख्खं कॅम्पस पंधरा दिवस भारावून जातं तसं काही नाही. ज्याला ते हवंय त्यानं सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा देऊन बाहेर जावं, सरळ.

आता मुलींसाठी. हे मी सोनूला वेगळं बसवून सांगितलं कारण दाजींसमोर बोलता येत नव्हतं. हॉस्टेलचा इन टाइम विचार. कॅम्पसचं वातावरण पोरांसाठी वेगळं असतं आणि पोरींसाठी वेगळं, आणि त्यातला फरक गेटच्या घड्याळावर असतो. मी एका ठिकाणी राहिले, नाव घेत नाही, तिथं अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी, मोठा बोर्ड लावलेला, आणि मुलींच्या हॉस्टेलचं गेट मात्र त्याच्या कितीतरी आधी बंद. म्हणजे ती अभ्यासिका कुणासाठी उघडी? नाटकाची तालीम रंगात यायची आणि आम्ही चपला शोधायचो. उशीर झाला की रजिस्टरमध्ये सही, तीनदा सही झाली की घरी फोन. लेडीज रूममधून मुख्य रस्त्यापर्यंतचे दिवे चालू आहेत का, रात्री लॅबमध्ये थांबायचं असेल तर गाइडची चिठ्ठी चालते का, आजारी पडलं तर डॉक्टरकडं कोण नेतं, हे प्रश्न विचारायचे. आणि वॉर्डनला नाही विचारायचे, सेकंड इयरच्या मुलींना विचारायचे, ते पण मेसमध्ये, जेवताना, कारण जेवण बिघडलेलं असलं की माणूस खरं बोलतो.

सोनूला घेऊन आम्ही पुणे आणि कोल्हापूर दोन्हीकडं जाऊन आलो, संध्याकाळीच. पुण्यात ती जयकरच्या बाहेर अर्धा तास नुसती बसली, मग म्हणाली इथं कुणी माझ्याकडं बघत नाही, भारी आहे. कोल्हापुरात पंधरा मिनिटांत दोन मुलींनी 'कुठनं आलायसा' विचारलं, एकीनं तर रूम दाखवली, कपाटातली लाडवाची बरणी पण उघडली. गाडीत ताई म्हणाली बघ किती आपुलकी, आणि सोनू म्हणाली हो ना, तेच. दोघींच्या 'तेच'चा अर्थ अगदी उलटा होता.

तिनं पुणं पहिलं टाकलंय, कोल्हापूर दुसरं, मुंबई काढून टाकली. लिस्ट लागायची आहे. मला विचाराल तर मी उलटं टाकलं असतं, पण दोन वर्षं तिला राहायचंय, मला नाही. सध्या माझा तिच्यामागं एकच धोशा आहे, तो तुम्हालाही सांगते: हॉस्टेलचा अर्ज बहुतेक ठिकाणी ऍडमिशनच्या अर्जापेक्षा वेगळा असतो, त्याची तारीख वेगळी, त्याची लिस्ट वेगळी, आणि डिपार्टमेंटचं ऑफिस ती आपणहून सांगत नाही. फी भरली त्याच दिवशी हॉस्टेलच्या ऑफिसला जाऊन विचारा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गॅप असेल तर त्याचं ऍफिडेव्हिट सोबत ठेवा, आणि झेरॉक्स दोन जास्तीच्या काढा.